अकरा मिनिटांची सावली

१

चार दिवस झाले तरी वाचनालयाच्या सायकलशेडचा तो पत्रा कोणी बदलला नव्हता. मधोमध झोळीसारखा खाली आला होता. वरच्या छतावर सौर पॅनेल बसवणारा तंत्रज्ञ दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून सरळ या पत्र्यावर पडला होता. पत्रा वाकला म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. कंबर आणि उजवा पाय मात्र वाचले नव्हते.

शेडखाली उभ्या राहून महापालिकेच्या सुरक्षा निरीक्षक बाई एक कागद वाचत होत्या. खात्यात त्यांना पाठीमागे सगळे ‘काबाई’ म्हणत. समोरच्याने काहीही सांगितलं तरी त्या एकच शब्द विचारायच्या: का?

कागद म्हणजे जखमीचा जबाब होता. ‘मी हूक न लावता कठड्यापलीकडे उतरलो. चूक माझी आहे. कोणाबद्दल तक्रार नाही.’ खाली सही.

सकाळीच साहेबांनी सांगितलं होतं, “दोन पानांत संपवून टाका. माणूस स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर उरलं काय?”

“मजकुराचं अक्षर ठेकेदाराचं आहे. का?”

“अहो, पडलेला माणूस आहे. त्याला लिहिता येईल का?”

“मग सही कशी केली?”

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. पालिकेच्या बारा इमारतींवर पॅनेल बसवायची होती आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या चारांचं उद्घाटन होतं. दोष कामगाराचा ठरला की सगळे काखा वर करायला मोकळे. कामगाराला ना उपचाराची मदत, ना कामाचा परवाना. उरलेलं आयुष्य खाटेवर, आणि तेही स्वतःच्या चुकीने.

काबाईंनी कागदाची घडी घातली. तेवढ्यात मागून आवाज आला.

“बाई, तो कागद खोटा आहे.”

पायरीवर एक तरुणी उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. जखमी तंत्रज्ञाची बायको.

२

“खोटा का?” काबाईंनी विचारलं.

“ह्यांची एक सवय आहे. दोराचा हूक लावलेला नसेल, तर हे तो कमरेच्या पट्ट्यात अडकवून ठेवतात. मोकळा कधीच सोडत नाहीत, पायात येतो म्हणून. घरी कपडे वाळत घालताना चिमटासुद्धा मोकळा ठेवत नाहीत, इतका त्रास आहे मला त्याचा.” बोलता बोलता ती हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. “रुग्णालयात त्यांचा पट्टा माझ्या हातात दिला, तेव्हा हूक मोकळा लोंबत होता. पण त्याचं तोंड बंद होतं.”

“म्हणजे तो कशाला तरी लावलेला होता.”

“हो ना!”

“मग त्यांनी सही का केली?”

तरुणीने मान खाली घातली. “ह्यांना पडतानाचं काहीच आठवत नाही. मामा म्हणाले, ‘बाळा, तू हूक लावलाच नव्हतास. मी स्वतः पाहिलं.’ मामा म्हणाले म्हणजे संपलं. हे सात वर्षांचे होते तेव्हा आईवडील गेले. मामांनी वाढवलं, काम शिकवलं. मी म्हटलं, जरा थांबा, आठवू दे. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, ‘मामा खोटं बोलतील का?’”

मामा म्हणजे या कामावरचे मुख्य मिस्त्री. भाच्यामुळे सगळी माणसं, अगदी ठेकेदारसुद्धा, त्यांना मामाच म्हणायची. साठीचा माणूस, स्वच्छ धुतलेला सदरा, बोलणं मोजकं. काबाईंचाही त्यांच्यावर विश्वास होता. दीड महिन्यापूर्वी कठड्यावर बसवायच्या कड्यांचा नमुना मामांनीच त्यांच्याकडे आणला होता. एकसंध पोलादाची, जोड नसलेली कडी. काबाईंनी ती ताणून, वजन लावून तपासली. तिच्या बुडाशी स्वतःच्या हाताने ठोकणीची बारीक खूण उमटवली आणि ‘सर्व कड्या याप्रमाणे असाव्यात’ असं लिहून सही केली होती.

तरुणीने पिशवीतून पट्टा काढला. काबाईंनी हुकाचं तोंड उघडून उन्हात धरलं. आतल्या बाजूला पिवळ्या रंगाचा पापुद्रा चिकटला होता.

“दोर जुना आहे?”

“त्याच सकाळी कोरा मिळाला होता.”

वर कठड्यावरच्या सगळ्या कड्या पिवळ्या रंगवलेल्या होत्या. म्हणजे त्या दिवशी हा हूक कडीत अडकला होता. मग बंद हूक बंद कडीतून सुटला कसा?

३

छताच्या दाराची किल्ली ग्रंथपालांकडे होती. गृहस्थ बारीक, तिरसट आणि पॅनेलचे जाहीर शत्रू. छताला भोकं पाडल्यापासून जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत ओल आली म्हणून त्यांनी पालिकेला तीन पत्रं लिहिली होती.

“संशय माझ्यावर असेल तर आधीच सांगतो,” ते म्हणाले, “मला माणूस पडावा असं वाटत नव्हतं. पॅनेल पडावीत असं वाटत होतं.”

“त्या दिवशी दार कोणी उघडलं?”

“मी. सकाळी. वर दोघंच होते, मामा आणि भाचा. बाकीची माणसं शाळेच्या छतावर गेली होती. चार वाजून वीस मिनिटांनी धाडकन आवाज आला. मी धावलो. ठेकेदार फाटकाशी सामान उतरवत होता, तो माझ्याआधी पोचला. त्यानेच दोन मिनिटांत रुग्णवाहिकेला फोन लावला आणि पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसला. इतके दिवस मी त्याला दगड समजत होतो.”

“आणि मामा?”

“रुग्णवाहिका आली तेव्हा दिसले. चार अडतीस झाले असतील.”

“अठरा मिनिटांनी? का?”

“त्यांना विचारा. मी पुस्तकांचा माणूस.”

ठेकेदार फोन कानाला लावूनच भेटला. जबाब आपण लिहिला हे त्याने लगेच कबूल केलं. “मामांनी सांगितलं तसं लिहिलं, बाई. उद्घाटन तोंडावर आहे, मला हे मिटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू? पण मी काही वर नव्हतो.”

“कड्यांचा नमुना कोणाकडे आहे?”

“मामांच्या पेटीत. त्यावरूनच बाकीच्या बनवून घ्यायच्या होत्या. कड्यांचं सगळं मामा बघतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

मामा तळघरातल्या मीटरच्या खोलीत तारा गुंडाळत होते. काबाईंना बघून उठले, स्टूल पुसून पुढे केलं.

“त्या दिवशी मी इथेच होतो, बाई. साडेतीनला मेन बंद केला आणि जोडण्या आवळत बसलो. आवाज ऐकला. कळलं होतं मला, तोच पडला म्हणून. लेकरासारखं वाढवलेलं पोर. बाहेर जाऊन बघायची हिंमत होईना. इथेच बसून राहिलो.” त्यांचे डोळे भरले. अश्रू खरे होते, हे काबाईंना स्पष्ट दिसलं.

“त्याने हूक लावला नव्हता, हे तुम्ही पाहिलंत?”

“नंतर. पट्ट्याला मोकळाच लोंबत होता.”

उत्तर बरोबर होतं. तरी जिना चढताना काबाईंची पावलं मंदावली. भाच्याला सांगताना ‘मी स्वतः पाहिलं’ आणि आता ‘नंतर’. शोकात माणूस शब्द मागेपुढे करतो, त्यांनी स्वतःला समजावलं आणि छताचं दार ढकललं.

४

पश्चिमेच्या कठड्यावर आठ कड्या होत्या. भिंतीत पुरलेल्या नळीत आटे फिरवून बसवलेल्या. भाचा सहाव्या कडीखालच्या छज्ज्यावर उतरून वायरीचा पाइप बसवत होता. काबाईंनी सहावी कडी हाताने हलवली. घट्ट. लटकून पाहिलं. ढिम्म नाही.

एवढी मजबूत कडी, आणि माणूस खाली.

मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. पहिल्या पाच कड्यांवर धूळ आणि कबुतरांची शिट. सातवी, आठवी तशीच. सहावी मात्र नव्या नवरीसारखी स्वच्छ. त्यांनी पर्समधली नेलकटरचं पातं उघडून तिच्यावरचा रंग खरवडला. एकाच हाताचा पातळ थर. खाली अखंड पोलाद, कुठे जोड नाही. आणि बुडाशी एक बारीक खूण.

ती त्यांचीच खूण होती.

काबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग पाचव्या कडीचा रंग खरवडला. खाली साधा गज. वाकवून गोल केलेला, टोकाशी टोक आणून वरवर डाग दिलेला. सातवी तशीच. आठवी तशीच. जोराचा हिसका बसला तर असली कडी जबड्यासारखी उघडणार आणि बंद हूक त्यातून अलगद निसटणार.

नमुना त्यांनी पाहिला होता. मामांचा चेहरा पाहिला होता. आणि उरलेल्या कड्यांपैकी एकही न बघता पूर्ण कामाच्या कागदावर सही केली होती.

खालून शाळेची घंटा ऐकू आली. त्यासरशी त्यांना आठवलं, शाळेच्या छतावर या क्षणी सहा माणसं काम करत होती. प्रसूतिगृहावर चार. बस आगारावर पाच. कड्या सगळीकडे याच.

त्यांनी ठेकेदाराला फोन लावला.

“तिन्ही छतांवरची माणसं खाली उतरवा.”

“बाई, आज संपवायचं आहे—”

“आत्ता उतरवा! मी फोन ठेवत नाही. शेवटचा माणूस जमिनीवर आला की मला सांगा.”

नऊ मिनिटं फोन कानाला धरून त्या कठड्याशी उभ्या होत्या. शेवटी ठेकेदाराचा आवाज आला, पहिल्यांदाच घाबरलेला. “उतरले सगळे. बाई, झालंय काय?”

“कुंपणानेच शेत खाल्लंय,” काबाई म्हणाल्या. “पण कुंपण कोणतं, ते अजून सिद्ध करायचं आहे.”

कारण पेटी मामांची असली तरी तिला कुलूप नव्हतं, आणि मामा तळघरात होते. निदान ते तसं म्हणत होते.

५

“तुमच्याकडे कागद ठेवायची सवय दिसते,” काबाई ग्रंथपालांना म्हणाल्या. “त्या दिवसाचं आणखी काही आहे? काहीही.”

ग्रंथपाल जरा चुळबुळले. वाचन कक्षातल्या भिंतीवर एक पडदा लावला होता. छतावर दर मिनिटाला किती वीज तयार होते ते लोकांना दाखवण्यासाठी. उद्घाटनापर्यंत तो बंद ठेवायचा होता.

“मी चालू केला होता,” त्यांनी कबुली दिली. “ही पॅनेल निकामी आहेत हे मला सिद्ध करायचं होतं. रोजची नोंद छापून घेतो. शिक्का मारून ठेवतो.”

“कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही. हेरगिरी सांगून करतात का?”

त्यांनी फाइल काढली. काबाईंनी तीन ते पाच या वेळेचं पान पुढे ओढलं. पॅनेलच्या चार रांगा, चार रकाने, मिनिटामिनिटाचे आकडे.

पहिली गोष्ट बघताक्षणी कळली. साडेतीनला मेन बंद केला, असं मामा म्हणाले होते. मेन बंद असता तर पानभर शून्यं असती. इथे वीज साडेतीनला होती, चारला होती, पाचलाही होती.

“हे काय?” ग्रंथपालांनी बोट ठेवलं. पश्चिमेकडच्या पहिल्या रांगेचा आकडा चार चोवीसला घसरला होता. मध्येच वर यायचा, पुन्हा खाली. चार पस्तीसला पूर्ववत.

“ढग असेल,” ते म्हणाले.

“ढग आला असता तर चारही रांगा उतरल्या असत्या. कठड्याची सावली?”

“ती पाचनंतर पोचते. आदल्या दिवसाची पानं बघा, त्या वेळी कुठे घसरण नाही.”

“रांगेतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या रांगेचा जोर उतरतो,” काबाई सावकाश म्हणाल्या. “हिवाळ्यातलं चारनंतरचं ऊन. पश्चिमेच्या कठड्याशी उभ्या माणसाची सावली लांब पडते. तो वाकला की ती सरते, उठला की पुन्हा पॅनेलवर येते. अकरा मिनिटं कोणीतरी सहाव्या कडीशी उठबस करत होतं. उघडलेली कडी फिरवून काढली, नमुन्याची बसवली, रंगाचा हात दिला. तुम्ही कुठे होतात?”

“खाली. पोराचा हात धरून.”

“ठेकेदार?”

“माझ्या शेजारी. त्याच्या सदऱ्याला रक्त होतं.”

“मग वर उरलं कोण?”

ग्रंथपालांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “पण बाई, ते पोर खाली कण्हत होतं. वरपर्यंत ऐकू जात असणार.”

६

रुग्णालयाच्या खोलीत दुपारचं ऊन होतं. मामा भाच्याला चमच्याने पाणी पाजत होते. चार दिवस ते रोज येत होते. पोलिसांना काबाईंनी जिन्याशीच थांबायला सांगितलं होतं.

त्या खुर्चीवर बसल्या आणि काहीही न वाढवता, न लपवता सगळं क्रमाने सांगितलं. हुकातला रंग. सहावी कडी. ठोकणीची खूण. मेन बंद होता म्हणणं, आणि छापलेले आकडे. अकरा मिनिटं.

भाच्याच्या बायकोने मामांच्या हातातला पेला काढून घेतला.

“मामा,” भाचा म्हणाला, “हे खोटं आहे म्हणून सांगा.”

मामांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक वस्तू खाटेजवळच्या टेबलावर ठेवली. तोंड वासलेली पिवळी कडी.

“टाकवत नव्हती,” ते म्हणाले.

“का?” काबाईंनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज फार हलका होता.

“चांगल्या कड्या यायला दोन महिने लागणार होते, बाई. काम थांबलं असतं तर दुसऱ्याकडे गेलं असतं. बाराही इमारतींचा प्रमुख करणार होते मला. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली शिड्या धरल्या. वाटलं, शेवटी एकदा... ओळखीच्या लोहाराकडून दोन दिवसांत गज वाकवून घेतले. पडतंय कोण रोज रोज? चांगल्या आल्या की गुपचूप बदलणार होतो. त्याचा पाय घसरला, दोर ताणला आणि कडी उघडली. माझ्या डोळ्यांदेखत.”

“मग तुम्ही खाली का नाही आलात?” भाच्याने विचारलं.

मामांनी टेबलावरची कडी भाच्यापासून लांब सरकवली.

“मला कड्यांचं काही विचारायचं नाही. चूक होते माणसाकडून. मी खाली पडलो होतो, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय केलंत?”

“वाकून बघितलं,” मामा म्हणाले. “तू हात हलवलास. जिवंत आहेस हे दिसलं. ठेकेदार धावत येत होता. मग मी...”

“मग तुम्ही कडी बदललीत.”

“तुला बघायला माणसं होती रे बाळा! कडीकडे बघायला कोणी नव्हतं. चारच मिनिटं कठड्याआड खाली बसून राहिलो, मग हात आपोआप चालायला लागले. माझं नाव, सगळ्यांचं काम—”

“आणि दुसऱ्या दिवशी इथे बसून मला सांगितलंत, तू हूक लावला नव्हतास.” भाच्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागत होता. “चार दिवस मी छताकडे बघत स्वतःला शिव्या घालतोय, मामा. हिला म्हटलं, माझ्यामुळे तुझं आयुष्य वाया गेलं. तुम्ही तिथेच बसला होतात. पाणी पाजत होतात.”

“मी तुला जन्मभर सांभाळलं असतं.”

“हो. आणि मी जन्मभर तुमचे उपकार मानले असते. लोक मामा बनवतात म्हणतात ना, मला ती गंमत वाटायची.”

मामा उठले. भाच्याच्या कपाळाकडे त्यांचा हात गेला. भाच्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. कमरेला वजनं बांधली होती, त्याला तेवढंच फिरता येत होतं. मामा तसेच दाराबाहेर गेले आणि जिन्याशी थांबलेल्या पोलिसांना म्हणाले, “चला.”

मग काबाईंनी जबाबाचा कोरा छापील कागद काढला.

“जुना जबाब रद्द होईल. उपचार, मदत, परवाना, सगळं तुमच्या बाजूने लागेल. चारही छतांच्या कड्या काढायला आजपासूनच सुरुवात आहे. आणि अहवालात पहिलं नाव माझं आहे. नमुना बघून मी सही केली, उरलेल्या बघितल्या नाहीत.”

“तुम्हाला काय होईल?” बायकोने विचारलं.

“जे व्हायचं ते होईल. विश्वास ठेवायचा पगार मला मिळत नव्हता, तपासायचा मिळत होता.”

त्या एकेक प्रश्न विचारत गेल्या आणि भाचा सांगत गेला. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहून घेतलं. शेवटचा रकाना आला तेव्हा काबाई थांबल्या. ज्याच्यामुळे इजा झाली, त्याचं जखमीशी नातं.

“हे रिकामं ठेवलं तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “किंवा ‘सहकारी’ लिहू. मुख्य मिस्त्री होतेच ते.”

बायको म्हणाली, “काहीच लिहू नका. कसलं नातं?”

भाच्याने डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळून कानापर्यंत गेलं. पुसायला हात उचलावा असं त्याला वाटलं नसावं.

“मामा लिहा, बाई,” तो म्हणाला. “एकदा खोट्या कागदावर सही केलीय. परत नको.”